तीन घरांचा लेप

ता. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

औषध कंपनीने आपल्या भाजल्यावरच्या लेपावर हक्क सांगितलाय, हे तुला ठाऊकच आहे. मी ज्या वकीलसाहेबांकडे टायपिंग करतो, तेच कंपनीचं काम बघतात. तुम्ही हरकत घेतल्यापासून कंपनी नरमली आहे. लेपाची मालकीण म्हणून तुझं एकटीचं नाव लावायला ती तयार आहे. तू फक्त वापराची परवानगी द्यायची. झाडाची साल कधी काढायची ते तू माहेरी शिकलीस, ती उकळायची कशी ते सासरी. तेलाची युक्ती तेवढी तिसऱ्या घरच्या ठसकेबाईंकडून काढून घे. आयतं ताट पुढ्यात आलंय, लाथाडू नकोस.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा भाचा

ता. ९ जून

चि. बंब्या यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून असा भडका उडाला की चुलीला काडी लागली नाही. मालकीण म्हणे! अरे गाढवा, लग्न झालं की पोरीने माहेरचा वाटा माहेरीच ठेवायचा, ही रीत तुला मी सांगू? सालीबद्दल तुझ्या आतोबांपाशीही मी कधी ब्र काढला नाही. कुणी एकाने फितूर होऊन सगळं विकू नये, म्हणूनच थोरल्यांनी हा लेप तीन घरांत वाटून ठेवला.

ठसकेबाईचं आणि माझं वाजलंय, तोंड बघत नाही आम्ही एकमेकींचं. तरी परवा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. हक्क तिन्ही घरांचा मिळून नोंदवायचा, एकट्याला विकताच येऊ नये असा, हे आम्ही पक्कं केलं. तुझे साहेब म्हणतात, असा हक्क कायद्यात बसत नाही. मग कायद्याने जरा सरकून जागा करावी.

पण दादा गेल्यापासून सालीचा वाटा तुझ्याकडे आहे. गुरुवारी सुनावणी आहे. तुझं घर उभं राहिलं नाही तर आमची दोन घरं लंगडी पडतील. तू त्यांचा पगार घेतोस, याची मला भीती वाटते रे. तू ये अथवा नको येऊस, मी सही करणार नाही.

वेळेवर जेवत जा.

रागात असले तरी तुझीच,
आत्या

ता. १३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कान लाल झाले माझे. गुरुवारी मी समोरच्या बाजूला असेन, असं साहेबांना सांगून टाकलं. त्यांनी दार लावून घेतलं, पहिल्यांदाच माझ्यासाठी चहा मागवला आणि सालीचा वाटा कितीला देतोस, असं विचारलं. खोटं कशाला बोलू, घडीभर मोह झाला. पण साल दाखवताना बाबा 'घे' म्हणाले नव्हते, 'सांभाळ' म्हणाले होते.

नोकरी गेली. बुधवारी पोचतोय. साहेबांना एवढंच सांगून निघालो, की विकायला ती आधी माझी असावी लागते.

लोभ, राग, जे असेल ते तसंच राहू दे.

तुझा बंब्या