तपासलेला बदल पुन्हा हाताने न उतरवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
वऱ्हाड नदी-पातळी सूचना केंद्र,
अमरावती.

विषय : तपासून मान्य झालेले संगणकीय बदल यंत्रानेच लागू करण्यास परवानगी मिळणे, तसेच अकोला उपकेंद्राचे संगणक चालक श्री. मनोज गावंडे यांना कामावर परत घेणे याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, बांधकाम शाखेकडून परत आलेला.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, पाणीपुरवठा शाखेकडून परत आलेला.
३) श्री. गावंडे यांना बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार दामिनी पंजाबराव निचत ही आपल्या केंद्रात कंत्राटी प्रणाली अभियंता आहे. नदीकाठचे मापक पाण्याची पातळी ज्या सर्व्हरकडे पाठवतात आणि जिथून काठच्या गावांना मोबाइलवर इशारा जातो, ते सर्व्हर चालू ठेवणे हे तिचे काम. पुढील मजकूर लांबला आहे, त्याबद्दल ती आधीच दिलगिरी व्यक्त करते. थोडक्यात लिहिलेले दोन अर्ज भलत्या शाखांकडे गेले, म्हणून या वेळी सगळे उलगडून लिहिले आहे.

२. किती सर्व्हर असावेत, कोणत्या मापकाने कोणत्या पत्त्यावर माहिती धाडावी, हे पूर्वी माणूस एकेका यंत्रासमोर बसून जुळवत असे. आता ते सगळे कोडच्या स्वरूपात लिहून ठेवतात. बदल करायचा झाल्यास आधी त्या कोडमध्ये बदल सुचवायचा. यंत्र तो वाचून 'हे केल्यास अमुक अमुक बदलेल' असे दाखवते. दुसरा जाणकार ते तपासतो आणि मान्य करतो. इथवर आपल्या केंद्रातही असेच चालते. यापुढे जो मजकूर तपासला तोच, एक अक्षरही इकडेतिकडे न होता, यंत्राने स्वतः लागू करावा, एवढीच अर्जदाराची मूळ विनंती होती आणि आहे. तपासणी माणसाकडेच राहील. फक्त तपासल्यानंतर मध्ये कोणाची बोटे येणार नाहीत.

३. पहिल्या अर्जाच्या विषयात अर्जदाराने 'पायाभूत सुविधांमधील बदलांचे स्वयंचलन' असे लिहिले होते. सर्व्हर आणि त्यांच्या जोडण्या यांना तिच्या क्षेत्रात पायाभूत सुविधाच म्हणतात. 'पायाभूत' हा शब्द पाहून आवक विभागाने अर्ज बांधकाम शाखेकडे पाठवला. त्या शाखेचे श्री. श्याम भुयार हे कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आले आणि "पाया कुठं खोदून राहिले तुमी, मॅडम?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने त्यांना लॅपटॉप दाखवला. भला माणूस. चहा घेतला, लॅपटॉप खालून-वरून पाहिला आणि "प्रत्यक्ष जागेवर पाया आढळून आला नाही" असा शेरा मारून अर्ज परत केला. शेरा खराच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

४. दुसऱ्या अर्जात तो शब्द टाळून, तपासणीपासून अंमलापर्यंतच्या या वाटेला तंत्रज्ञ जे नाव देतात ते वापरले : 'पाइपलाइन'. अर्ज पाणीपुरवठा शाखेकडे गेला. "पाइपचा व्यास, लांबी व गळतीचे प्रमाण नमूद नाही" असे कळवण्यात आले.

५. यानंतर आपण स्वतः अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले, त्याबद्दल ती आभारी आहे. आपला शेरा होता : "तपासणी ठीक. मात्र अंमल मानवी हातानेच व्हावा." त्या शेऱ्यावरून पुढील पद्धत ठरली. अमरावतीत मान्य झालेला बदल कागदावर छापायचा. बाहेर जाणारा प्रत्येक कागद मराठीतच असावा, या परिपत्रकामुळे वरिष्ठ लिपिक श्री. नत्थुजी बोबडे यांनी तो नव्याने टंकलिखित करायचा. त्यावर 'खरी नक्कल' हा शिक्का, मग सही. तो कागद अकोल्याला गेला की उपकेंद्रातील श्री. गावंडे यांनी पाहून यंत्रात उतरवायचा. उपकेंद्राने तपासणाऱ्याशी परस्पर बोलू नये, शंका लिपिकामार्फत विचाराव्यात, असेही ठरले.

६. नत्थुजी हे काम मनापासून करतात. कोडमधल्या इंग्रजी शब्दांना मराठी शब्द मिळेना म्हणून ते तसेच ठेवून त्यांनी आकडे तेवढे मराठी केले. श्री. गावंडे यांना या मिश्र कागदाची सवय झाली होती. सगळे आकडे मराठी असले की मनात परत फिरवून ते बरोबर टाकत.

७. मागच्या महिन्यात कौंडण्यपूरच्या मापकाला माहिती धाडण्यासाठी नवा पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला क्रमांक, द्यायचा होता. बदल अर्जदाराने लिहिला, दुसऱ्या अभियंत्याने तपासला. पत्त्याच्या शेवटी चार होता. कागद टंकलिखित होताना त्या ओळीतले बाकीचे आकडे नत्थुजींच्या नजरेतून सुटून इंग्रजीच राहिले आणि शेवटचा तेवढा मराठी झाला. इंग्रजी आकड्यांच्या रांगेत मराठी चार कसा दिसतो, हे आपण कागदावर लिहून पाहावे. शाई फिकी असली की तो इंग्रजी आठच.

८. श्री. गावंडे यांना शंका आली. पद्धतीप्रमाणे त्यांनी फोन केला. दोघांनीही चौकशीत हेच सांगितले आहे, म्हणून अर्जदार त्यांच्याच शब्दांत देते.

"नत्थुजी भाऊ, हा शेवटचा आकडा चार हाय का आठ?"

"मी का इंजिनिअर हावो? ताईनं लिवलं, दुसऱ्या इंजिनिअरनं तपासलं, सायबानं सही केली, वरून खरी नक्कलचा शिक्का हाय."

"थे समदं ठीक हाय, पन मले आठ दिसून राहिला."

"दिसून राहिला तं टाक ना बापा आठ. कावून डोकं खाऊन राहिला?"

त्यांनी आठ टाकला.

९. शेवटी आठ असलेला पत्ता आपल्याच दालनाबाहेरील हजेरी यंत्राचा आहे. त्या दुपारी वरच्या अंगाला पाऊस झाला आणि वर्धा नदी चढू लागली. मापक ठीक होता. त्याने दर वेळी पातळी मोजली आणि हजेरी यंत्राकडे पाठवली. हजेरी यंत्राने दर वेळी "ओळख पटली नाही" अशी नोंद करून ती टाकून दिली. काठच्या गावांना इशारा गेला नाही. सुंदराबाई नावाच्या भाजीपाला लावणाऱ्या बाई काठच्या मळ्यात वांगी तोडत होत्या. पाणी बांधाला लागलेले त्यांनी स्वतःच पाहिले म्हणून त्या सुनेला घेऊन वर निघाल्या. मोटर आणि नळ्या वाहून गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन अर्जदारालाच लागला. "बाई, तुमचा मेसेज काहून नाई आला वं?" एवढेच त्यांनी विचारले. फोन ठेवून अर्जदार नोंदी तपासायला बसली.

१०. चौकशी समितीने हा प्रकार 'मानवी चूक' ठरवला आणि उपाय म्हणून मानवी हात वाढवले. यापुढे एकाने उतरवायचे, दुसऱ्याने पाहायचे आणि तिसऱ्याने दोघांनी पाहिल्याची सही करायची. कागद मराठीत टंकलिखित करण्याची पायरी तशीच आहे. श्री. गावंडे यांना प्रणालीला हात लावण्यास मनाई झाली असून महिनाअखेर त्यांचा करार संपवण्याचे नोटिशीत म्हटले आहे. त्यांच्या आई अकोल्याच्या जुन्या शहरात फुले विकतात. मुलगा सरकारी कामात लागला म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि आता त्याच गल्लीतले लोक मनोजने गाव बुडवले असे म्हणतात. हे अर्जदाराला श्री. गावंडे यांनी सांगितलेले नाही. ती नोटिशीच्या कामासाठी अकोल्याला गेली असता तिच्या कानावर आले.

११. आता अडचण अशी, की चार टाकण्याचा दुरुस्तीचा बदल त्याच संध्याकाळी लिहून, तपासून, मान्य झाला आहे. तो लागू झालेला नाही. यंत्राने लागू करायला परवानगी नाही. हाताने लागू करण्याचा अधिकार आदेशात नावानिशी श्री. गावंडे यांनाच दिला आहे, आणि त्यांना मनाई आहे. नवीन नाव घालण्यासाठी आदेश बदलावा लागेल. त्याचा मसुदा श्री. नत्थुजी बोबडे यांच्याकडे टंकलेखनाला आहे. ते सध्या चौकशीला साक्षीदार असल्याने त्यांनी या प्रकरणातील कागदाला हात लावू नये, असे समितीने कळवले आहे.

१२. त्यामुळे कौंडण्यपूरची नदी आजही हजेरी यंत्राकडेच जाते. इशाऱ्याची सोय म्हणून अर्जदाराने सुंदराबाईंना विनंती केली आहे. त्या सकाळ-संध्याकाळ काठावर जाऊन पाहतात आणि फोन करतात, "घाटाच्या पायऱ्या दिसून राहिल्या बाई अजून, झोपा तुमी." मग अर्जदार खालच्या गावांच्या सरपंचांना एकेक फोन लावते. ज्या बाईला केंद्राने सावध करायचे, ती केंद्राला सावध करते. परतीचा पाऊस अजून व्हायचा आहे, आणि रात्री सुंदराबाईंना काठावर जायला अर्जदार सांगू शकत नाही.

१३. तरी विनंती अशी, की

(अ) श्री. मनोज गावंडे यांच्यावरील नोटीस मागे घेऊन त्यांना कामावर परत घ्यावे. बदल लिहिणारी, तपासणारा, टंकलिखित करणारे आणि सही करणारे या सर्वांत 'हे चार आहे की आठ' असे विचारणारे तेच एकटे होते.

(आ) मान्य झालेली दुरुस्ती त्यांच्याच हातून तातडीने लागू करून घ्यावी.

(इ) यापुढे तपासून मान्य झालेले बदल यंत्राने परस्पर लागू करण्यास परवानगी द्यावी आणि तपासणाऱ्यांत श्री. गावंडे यांचे नाव घालावे. उतरवण्याचे काम यंत्राला देता येते. शंका घेण्याचे काम देता येत नाही.

या तिन्हींपैकी एकच विनंती मान्य होण्यासारखी असेल, तर ती (अ) असावी. त्याने दुरुस्तीही आपोआप मार्गी लागेल. स्वयंचलनासाठी अर्जदार पुन्हा अर्ज करील. तिला आता त्याची सवय आहे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत, आपली नम्र,

(सही)
दामिनी पंजाबराव निचत
प्रणाली अभियंता (कंत्राटी)
अमरावती, दि. १८ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) मान्य झालेल्या दुरुस्तीची छापील प्रत, मूळ स्वरूपात.
२) हजेरी यंत्रातील 'ओळख पटली नाही' या नोंदी.
३) श्री. गावंडे यांचा खुलासा, त्यांच्या हस्ताक्षरात.

प्रत माहितीसाठी : श्री. मनोज गावंडे, अकोला. (उपकेंद्राशी परस्पर बोलण्यास मनाई असल्याने टपालाने.)