सोफ्याला अडलेला रोबो आणि बिनमोटरीचं चाक

ती. दादास,

गुडघे सोडून उरलेल्या सर्व अंगांनी नमस्कार. तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण तू 'झकास' म्हणणार आणि मला ते खरं धरावं लागणार.

इकडे तुझ्या भाचीने शाळेच्या स्पर्धेसाठी रोबो केलाय आणि बैठकीची खोली त्याच्या नावावर झाली आहे. परवा तो सोफ्याला अडला. चाकं गरगर फिरतायत, गडी जागचा हलत नाही, आणि लॅपटॉपवर आकडे धावतायत: एवढा वेग, एवढं अंतर! (मला ह्यांचं ऑफिस आठवलं.) भाची म्हणाली, "आई, मोटरच्या चाकाचं ऐकायचं नसतं, ते घसरलं तरी मोजतं." म्हणून तिने खाली एक मोकळं चाक बसवलं. त्याला मोटर नाही, काही नाही. नुसतं जमिनीवरून घरंगळायचं आणि किती गेलो, किती वेगाने, ते खरं खरं सांगायचं. पण पहिल्यांदा ते जमिनीला टेकलंच नाही. रोबोला वाटलं, आपण अजून निघालोच नाही, आणि तो जो सुटला तो थेट ह्यांच्या अंगठ्यावर. आता चाकाला स्प्रिंग लावली आहे आणि अंगठ्याला बर्फ.

मला मात्र बाबांची सायकल आठवली. तू नळीखालून पाय घालून शिकायचास आणि मी कॅरियर धरून मागे धावायचे. घरी येऊन तू छाती फुगवून सांगायचास, पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो! आई माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "औषधांच्या दुकानापर्यंत." केवढ्या टपला खाल्ल्या त्यापायी! पण जोर तुझा आणि मोजणी माझी, हे तेव्हापासूनच ठरलेलं. त्या संध्याकाळी फार आठवतात रे.

वहिनी गेल्यापासून तू फोनवर सांगतोस, फिरायला जातो, मित्र भेटतात, मजेत आहे. तुझ्या शेजारचे डॉक्टर सांगतात, फाटकाबाहेर पाऊल नाही. दादा, चाकं फिरतायत, पण तू सोफ्याला अडला आहेस. रविवारी स्पर्धा आहे. ये.

तुझी (अजून मागे धावणारी) धाकटी

ता. क. मागच्या खेपेला इथे विसरलेली चाकांची बॅग न्यायला म्हणून तरी ये. मोकळं चाक कुठून मिळालं, ते मात्र भाचीला विचारू नकोस.

आणखी एक. तीन चाकांवर ती बॅग आता लांब जायची नाही. तेव्हा ती राहू दे इथेच. आणि तूही.