रोडग्याचं आवतन

फुलसावंगी,
कापूस वेचणी, २००६

तीर्थरूप रूपसिंग भियाले धाकट्या खेमसिंगचा जय सेवालाल. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीचा दमा बरा असंल. माझं म्हणाल तर आता वरण-भात पचून राह्यला.

यवतमाळच्या डाक्टरीणबाईनं मांगून दुर्बीण घालून आतडं पाह्यलं, त्या दिवसाचं सांगतो. गुंगीची सुई टोचली अन् मी थेट आपल्या वावरात. हवा नाही, आवाज नाही, जिकडंतिकडं पांढरा कापूस, अन् पुढं आपली याडी वेचत चाललेली (माय जाऊन किती वर्षं झाली, पण पदर तोच). वळून म्हणे, "खेम्या, एकटाच जेवतो काय? लोकाइले बोलाव." म्हणून बोलावलं. डाक्टरीणबाई, नर्सबाई, फरशी पुसणारी, सगळ्याइले गोवरीवर भाजलेल्या रोडग्याचं अन् वांग्याच्या भाजीचं आवतन! (हे नर्सबाईनं मागाहून सांगितलं. मले वाटलं, मी मनातच बोललो.)

आतड्यात गाठ निघाली, कापली. कॅन्सरच होता, पण लवकर सापडला. तुकडा मुंबईले पाठवला, तर डीएनएवर मिथाइलचे बारके ठिपके जागोजागी चिकटलेले. बाई म्हणे, पेशीइले आवरणारं जनुक तुटलं नव्हतं, ठिपक्याइनं गप्प बसवलं होतं, म्हणून पेशी मोकाट वाढल्या. (मी विचारलं, खरडून निघत नाही काय? बाई हसल्या.) तवापासून दुपारी बाजेवर पडलो की वाटते, आपल्या आत कोणीतरी निजून आहे. मी हळूच हाक मारतो. ओ येत नाही, पण बरं वाटते.

टाके सुकल्यावर एका रविवारी दारात पांढरी गाडी! बाई अन् नर्सबाई आवतन खरं धरून आल्या. पण अलीकडं आपल्याकडं साहेबाइची पांढरी गाडी येते ती कास्तकारानं जीव दिल्यावरच. सारा तांडा रडत धावला. शेजारचा नानाजी तर हार घेऊनच आला. मी ओट्यावर वांग्याची भाजी ढवळून राह्यलो, अन् तो मलेच विचारते, "कवा गेला रे खेमसिंग?" मग हार बाईच्या गळ्यात घातला. बाया डोये पुसत बसल्या अन् हसत जेवल्या. रडू आलं ते मलेच. आपल्यासाठी इतके लोक रडतात, हे जितेपणी कोणाले पाहाले भेटते?

तुमचा,
खेमसिंग

ता. क. बाई म्हणे, हे ठिपके वारशानं येतातच असं नाही, तरी सख्ख्या भावानं तपासून घ्यावं. अन् तुमच्या संडासात रक्त पडते, तुम्ही मूळव्याध म्हणून दडवता, हे वहिनीनं मले सांगितलं आहे.

आणखी ता. क. सोमवारी तुम्हाले तपासाले न्याले जीप घेऊन तुमच्या ढाणकीले येतो. पळू नका, भिया. वहिनी पहाटेच तुमच्या चपला दडवणार आहे, अन् मले दुसरा भाऊ नाही.