आग्रहाची पोळी

शुक्रवार पेठ, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

चि. आमोद यास अनेक आशीर्वाद.

हडपसरची नोकरी सोडून तू खेळ करत बसलास तेव्हापासून आपला अबोला आहे. तो मी मोडत नाही. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. दर गुरुवारी तुझ्या दाराच्या कडीला डबा अडकवून, घंटी वाजवून मी जिना उतरतो, तेही बोलणं नव्हे.

काल सलोनीची ओवी शाळेतून थेट खानावळीत आली आणि मामाचा खेळ म्हणून तिनं मोबाइलवर एक खानावळ दाखवली. मंडईतून भाजी आणायची, माणसं नेमायची, पंगती उठवायच्या. भाव रोज बदलतात हे पाहून बरं वाटलं. मग तिनं पहिल्याच दिवशी एका टकल्या वाढप्याला कामावरून काढलं. म्हणाली, आजोबा, मामानं ज्यांना खेळून बघायला दिलाय ते सगळेच ह्याला आधी काढतात. हा आग्रह करकरून पोळ्या वाढतो, कोणी लवकर उठत नाही, बाहेरची रांग निघून जाते.

त्याच्या खांद्यावर निळा पंचा आहे. माझ्याही असतो. तो मी आहे का, एवढं कळव. मंडईत तुझं कौतुक सांगत फिरण्याआधी माहीत असलेलं बरं.

लोभ आहेच, दाखवायची सवय नाही.
दीनानाथ


विश्रांतवाडी, ७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

हो, तो तुम्हीच. तुमच्याशिवाय खानावळ मला दिसेचना. आग्रहाला किती वेळ जातो, किती पोळ्या जातात, सगळं मी खेळात घातलं. पण पोटभर जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत का येतो, ते काही आकड्यात बसेना. त्यामुळे तुम्हाला काढणं हाच खेळातला शहाणपणा ठरला. मला ते फार लागलंय.

खेळ बाजारात आणणाऱ्या कंपनीचं म्हणणं, ज्याला सगळे काढतात ते पात्र म्हणजे खेळातली चूक. पंधरा तारखेच्या आत म्हाताऱ्याला चटपटीत करा किंवा गाळा, नाहीतर करार रद्द. ह्या एका खेळावर माझी तीन वर्षं गेली आहेत आणि दुसरी कंपनी दारात उभी नाही. चटपटीत केलं तर ते तुम्ही राहणार नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

कालच्या वांग्यात मीठ कमी होतं. आईला सांगू नका.

लोभ असू द्यावा, मीठही.
आमोद


शुक्रवार पेठ, १० फेब्रुवारी

चि. आमोद यास आशीर्वाद.

काढून टाक. धंद्यात भीड ठेवू नये. वांग्यात मीठ बरोबर होतं, तुझी जीभ हॉटेलची झाली आहे.

दीनानाथ


शुक्रवार पेठ, १३ फेब्रुवारी

चि. आमोद यास आईचे अनेक आशीर्वाद.

ह्यांना न सांगता लिहिते आहे. सलोनीच्या हाती देते, पोस्टाचा भरवसा नाही.

तुझं पत्र आल्यापासून ह्यांनी आग्रह सोडलाय. पोरं मागतील तेवढंच वाढतात आणि पाठ फिरवतात. यवतमाळचा संतोष कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आपल्याकडे जेवतो. त्यानं मला हळूच विचारलं, काकू, काकांचं काही बिनसलंय का? टेबलं मात्र भराभर रिकामी होतात, तुझ्या खेळात व्हायला हवीत तशी.

काल पंचा खुंटीला लावला आणि म्हणाले, श्यामला, नवा वाढपी बघ, आता माझं काम नाही. हा माणूस एकदा बसला की उठायचा नाही, मला धास्ती वाटते. आज गुरुवार. डबा भरून ठेवला होता, तो अजून ओट्यावरच आहे.

काय ते लवकर कर रे बाबा.
तुझी आई


विश्रांतवाडी, १७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी दुपारपर्यंत घंटीची वाट पाहिली. मग दार उघडलं, तर कडी रिकामी. कंपनीच्या धमकीनं घाबरलो नव्हतो तेवढा त्या कडीकडे पाहून घाबरलो.

तुमचं पुन्हा एकदा ऐकलं नाही. म्हाताऱ्याला गाळलं नाही, चटपटीतही केलं नाही. खेळणाऱ्यानं खुशाल काढावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो येतो, डबा कडीला अडकवतो, पंचा खांद्यावर टाकतो आणि वाढायला लागतो. कितीही वेळा काढा. कंपनी म्हणाली, ही आणखी मोठी चूक. मी कळवलं, चूक नाही, तो माणूसच तसा आहे. काल करार रद्द झाला.

आता खेळ मी एकटाच बाजारात आणणार. तो चालेल की पडेल, माहीत नाही. भीती वाटते, बाबा.

लोभ करावा, एवढ्यात कमी करू नये.
आमोद


शुक्रवार पेठ, १९ फेब्रुवारी

चि. आमोद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे ओवीच्या हाती पाठवतो. तिनं तुझा नवा खेळ माझ्यासमोर खेळला. मला काढलं, मी आलो. पुन्हा काढलं, पुन्हा आलो. त्यानंतर तिचा हात होईना. म्हणाली, राहू दे आजोबांना, रांग गेली तर गेली.

धंदा असा करत नाहीत. तू बुडशील असं माझं स्पष्ट मत आहे. संतोषला आज चार पोळ्या जास्त वाढल्या, नको नको म्हणत होता.

उद्या गुरुवार. डबा कडीला अडकवणार नाही. दार उघड आणि दोन ताटं घे. तू पुरे म्हणशील, मी ऐकणार नाही.

बाकी समक्ष बोलू.
बाबा