मुकादम आडवा होतो

प्रिय ठमे,

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. मी पडले नव्हते. समोरच्या बाईंनी खिडकीतून मला जमिनीवर पाहिलं आणि लगेच तुला फोन लावला, हे खरं. पण माणूस जमिनीवर दिसला म्हणजे तो पडलाच, हे कुणी ठरवलं? मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या सतरंजीवर आडवी झाले होते. का, ते सांगते. त्या दिवशी फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस. महिनाअखेरच्या रविवारी जावईबापूंना घेऊन येते, कुत्रा त्यांच्या मित्राच्या शेतावर जाईल आणि आई, तू आमच्या मागच्या खोलीत, असं एका दमात फर्मान काढून मोकळी झालीस. अगं, मी काय कपाट आहे, या भिंतीचं उचलून त्या भिंतीला लावायला?

मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा बेल वाजल्याबरोबर मुकादम माझ्या अंगावरून दाराकडे झेपावला आणि मी चपलांच्या कपाटावर आदळले, हे मी नाकारत नाही. दंड चांगला काळानिळा झाला होता. पुन्हा असं झालं तर कुत्रा या घरात राहणार नाही, असं तू बजावून गेलीस. तेव्हाच मी ठरवलं की बेल वाजली की या गड्याने सतरंजीवर जाऊन आडवं व्हायचं, आणि हे मी त्याला तुझ्या नाकावर टिच्चून शिकवणार. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ दाबायची नाही, पट्टा ओढायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकाशी धरायचा, सरळ खाली जमिनीपर्यंत न्यायचा आणि मग जमिनीवरूनच हळूहळू आपल्याकडे आणायचा. नाकामागून कोपरं आपोआप खाली जातात. थोडंसं जमलं तरी लगेच खाऊ द्यायचा. ‘आडवा’ हा शब्द सगळ्यात शेवटी, तो आपणहून व्हायला लागल्यावर. मला यात नवीन काही नव्हतं. जन्मभर शिवणाच्या वर्गात मशीनला घाबरणाऱ्या मुली मी अशाच तर शिकवल्या. आधी नुसतं चाक फिरव, शाब्बास, दोऱ्याचं उद्या बघू.

पण मुकादम तो मुकादम. तुझ्या बाबांनी नाव काही उगाच ठेवलं नाही. घरात सगळ्यांच्या कामावर याची देखरेख, स्वतः मात्र काडी इकडची तिकडे करायची नाही. पुढून वाकायचा, ढुंगण वर, तुकडा गट्टम, की पुन्हा ताठ बसून दाराकडे तोंड. रात्री माझ्या पलंगाशी चांगला तंगड्या पसरून घोरतो, पण दिवसा या पुढच्या खोलीत आडवं व्हायचं नाव नको. मी चिडले, त्याला मेल्या म्हटलं, मग डॉक्टरीणबाई आठवल्या आणि जीभ चावली. एवढं करून चूक निघाली माझीच. मी खुर्चीत बसून शिकवत होते आणि गुडघ्यामुळे माझा हात जमिनीला टेकतच नव्हता. वीतभर वर तुकडा मिळतोय म्हटल्यावर तो कशाला आडवा होईल? मीही झाले नसते.

म्हणून मी खाली उतरले. जमिनीवर बसायचं नाही ही डॉक्टरांची ताकीद मला पाठ आहे, तू पुन्हा सुनवू नकोस. खुर्ची धरून उतरले, गुडघा आखडला, तेव्हा सरळ कुशीवर कलंडले आणि हात लांब केला. मुकादमाने मला नखशिखांत न्याहाळलं. साहजिकच आहे, आपल्या मालकिणीला या अवस्थेत त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग एक कोपर टेकलं, दुसरं टेकलं, पोट सतरंजीला लागलं आणि हनुवटी माझ्या मनगटावर आली. ठमे, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटीतले सगळे तुकडे त्याच्यापुढे ओतले आणि पडल्या पडल्या मोठमोठ्याने हसत सुटले. नेमक्या तेव्हाच खिडकीत समोरच्या बाई. माझं हसणं त्यांना विव्हळणं वाटलं. उठायला वेळ लागला, खुर्चीशी झटापट झाली, पण माझी मी उठले.

आता नुसता हात खाली दाखवला तरी तो आडवा होतो. बेलच्या सरावासाठी मी समोरच्या बाईंनाच कामाला जुंपलं. चहाडी केलीत ना, मग वाजवा आता रोज दुपारी! बिचाऱ्या वाजवतात. पहिल्यांदा त्याने गोंधळ घातला, मी खाऊची मूठ मिटून उभी राहिले. हळूहळू डोक्यात शिरलं. आता पोस्टमन येवो, कुरियरवाला येवो, हा आपला सतरंजीवर, आणि मी सावकाश चालत जाऊन दार उघडते.

एकच बेल राहिली आहे, आणि हे पत्र तिच्यासाठी आहे. दोनदा, झटकन, लागोपाठ. तुझे बाबा तशी वाजवायचे आणि तू लहानपणी टाचा उंचावून त्यांची नक्कल करता करता तीच उचललीस. ते गेल्यापासून तशी वाजवणारी तू एकटी. ती ऐकली की मुकादमाला वाटतं, ते आले. म्हणून तर तो या खोलीत आडवा होत नव्हता. दाराकडे तोंड करून त्यांची वाट बघत बसायचा. परवा मी स्वतः बाहेर जाऊन तशी वाजवून पाहिली. दार ढकललं तर तो उभा, माझ्या पलीकडे जिन्याकडे बघत. मला त्याला हात दाखवता आला नाही. तिथेच उंबऱ्यात उभी राहून रडले, आणि हे समोरच्या बाईंनाही ठाऊक नाही. त्याने वाट बघणं सोडावं असं मला वाटत नाही. मीही सोडलेलं नाही, आणि मी ती वाट तुझ्या मागच्या खोलीत नाही, याच घरात बघणार. त्याने फक्त ती आडवं पडून बघावी, म्हणजे मला आपटायला नको. तेव्हा रविवारी ये. मित्राचं शेत आहे तिथे राहू दे. बाबांसारखी दोनदा बेल वाजव आणि बाहेर थांब. आतून त्याच्या धावण्याचा आवाज आला तर पुन्हा वाजव. एकटीने मला हे जमत नाही, तू लागतेस. पण तो आडवा होईपर्यंत मी दार उघडणार नाही, तू पोटची लेक असलीस तरी नाही. तुमचं जेवण मी झाकून ठेवीन.

तुझीच,
न पडलेली आई