पिकअपवाल्याचं स्थळ

भालकी, ता. ९ मार्च २०२५

ती. कलाअक्कास श्रीपतीचा सा. न. वि. वि. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या स्नेहाला मैलूरचं स्थळ आलंय. काल मुलाचं घर बघून आलो. मुलाचं नाव हरिओम, स्वतःची पिकअप आहे. गाडी जुनी, पण असली आता निघत नाही. अडीच हजार सीसीचं डिझेल इंजिन, जोर चारी चाकांना. कागदावर सव्वा टन, पण मागं स्प्रिंगला दोन पाटे जादा टाकलेत, त्यामुळं दोन टन सहज ओढते. मी स्वतः खाली शिरून पाटे मोजले. केबिनमध्ये ड्रायव्हर धरून तिघं ऐसपैस बसतात, सीटला नवं कोरं कव्हर आहे. मुलगा चांगला आहे. तुझा होकार आला की सुपारी फोडू.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ ह्या इंजिनासारखा टिकाऊ असू दे.

तुझा श्रीपती

करजगी, ता. १९ मार्च

चि. श्रीपतीस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून किळस आली, खोटं कशाला लिहू. पोरीचा बाप घर बघायला जातो आणि गाडीखाली शिरतो. मुलगा पितो का, चिडका आहे का, घरात कोण कुणाशी कसं बोलतं, ह्यातलं एक अक्षर नाही.

मग मीच मैलूरला गेले. माझी नणंद शांतम्मा तिथंच राहते. दुसऱ्या दिवशी तिच्या दारापुढं तुझी ती पिकअप येऊन थांबली. पुढं हरिओम एकटाच. मागं कोंबडखताच्या पोत्यांवर त्याची आई भागम्मा, नाकाला पदर लावून, भर उन्हात. खाली उतरताना तिला त्यानं हातही दिला नाही. पुढं कामून बसत न्हाईस म्हणून शांतम्मानं विचारलं, तर सीटचं कव्हर मळतंय, लेकरू बसू देत न्हाई म्हणाली. वर हसली.

आईला पोत्यांवर बसवणारा बायकोला कुठं बसवणार, हे तूच सांग. माझा साफ नकार.

वहिनीला आणि स्नेहाला आशीर्वाद. लोभ माणसांवर ठेव, एवढंच मागणं.

कलाअक्का

भालकी, ता. २६ मार्च

ती. आत्यास स्नेहाचा सा. न. तुझं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. अप्पांचं तोंड उतरलं. तरी जेवताना म्हणालेच, की मुलगा राहू दे, पण गाडी विकायची असली तर विचारून बघू. आई ताटावरून उठून गेली. मलाही अप्पांची शिसारी आली. बापाची येऊ नये, पण आली.

नकार मीच फोन करून कळवला. हरिओमनं कारण विचारलं नाही. माझ्याहून मोठ्या गाडीवाल्याचं स्थळ आलंय काय, एवढंच विचारलं. अप्पा शेजारीच होते, त्यांनी ते ऐकलं. मग मला विचारलं, की तुला कसा मुलगा पाहिजे.

विचार करून सांगते म्हणाले, आत्या. हे आमच्या घरात मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तू आलीस की बोलू. तोवर माया अशीच असू दे.

तुझी स्नेहा