लटकता ड्रम

वैशाख अमावस्या, संध्याकाळ

बॉयलरचा ड्रम आज सकाळी उचलला आणि पंचवीस फुटांवर साखळ्यांना लटकत ठेवला. अमावस्येला जागेवर बसवायचा नाही, उद्या संध्याकाळचा मुहूर्त, असं कारखान्याचे चेअरमन म्हणाले. एक साखळी जुनी आहे हे उभारणीचा इंजिनिअर म्हणून मला माहीत होतं. गप्प राहिलो. का?

शेडवर अजून पत्रे नाहीत, दुष्काळात आसपास झाडही उरलं नाही. दुपारी मजूर बायका ड्रमच्या सावलीत जेवायला बसल्या. मी ओरडलो, "उठा तिथून!"

त्यांतली सखूबाई भाकरी घेऊन उन्हात सरकली. "आमच्यावर लई वरडता, सायेब. चेरमनपुढं आवाज कुठं गेलता?"

सगळ्या हसल्या.

उद्याही सावली तिथेच पडणार. सकाळी नऊलाच ड्रम बसवा, असं साखळ्या ओढणाऱ्या खलाशांना सांगून आलो. चेअरमनना अजून सांगितलेलं नाही.